हाताला कळणारी गोष्ट

मराठीत व्हिडिओ गेमचा विषय निघाला की तो मुलांच्या अभ्यासावर, डोळ्यांच्या नंबरावर, नाहीतर पैसे लावून खेळायच्या ॲपवर येऊन थांबतो. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाईलवर बंदी आली तेव्हा वर्तमानपत्रं या विषयाने भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हाही तेच झालं. त्यातली काळजी रास्त आहे. पण याच काळात दोघाचौघांच्या छोट्या स्टुडिओंमधून, मोठ्या कंपन्यांच्या पैशांशिवाय, एक कला वयात आली. तिची आपल्या नियतकालिकांनी म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. अलीकडे खेळलेल्या अशा काही ‘इंडी’ गेमचा इथे परामर्श घ्यायचा आहे. ते खेळावेत अशी शिफारस करायची आहे, आणि ही कला कुठे अडते आहे तेही सांगायचं आहे.

त्यासाठी एक कसोटी लागेल. कादंबरी वाक्यांतून उभी राहते, सिनेमा दृश्य आणि ध्वनीतून. गेम खेळाडूच्या हाताला एक काम देतो, त्या कामाला नियम घालतो, आणि ते काम करता करता खेळाडूला काहीतरी उमगतं. चांगली गोष्ट, सुंदर चित्रं, श्रवणीय संगीत हे सगळं असूनही हाताला मिळालेलं काम उसनं असेल, तर तो गेम म्हणून फसतो. काम आणि आशय एकजीव झाले, तर तो तासाभराचा असला तरी वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

छोट्या स्टुडिओंना हे जमण्यामागे कारण आहे. मोठ्या गेमवर शेकडो माणसं कित्येक वर्षं राबतात. एवढा पैसा ओतल्यावर धोका पत्करता येत नाही, म्हणून गोळ्या घाला, पळा, उड्या मारा, वस्तू गोळा करा, हीच कामं पुन्हा पुन्हा येतात. २००८ मध्ये आलेल्या ‘ब्रेड’ या गेमने एका माणसाची कल्पनाही जगभर खपू शकते हे दाखवलं. २००५ साली आलेलं युनिटी आणि २०१४ मध्ये सर्वांना खुलं झालेलं गोडो या साधनांमुळे घरबसल्या गेम बनवणं शक्य झालं. ल्युकस पोप या निर्मात्याचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) हे त्याचं ठळक उदाहरण. ईस्ट इंडिया कंपनीचं एक बेपत्ता जहाज १८०७ साली रिकामंच परत येतं. जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं, हे विमा निरीक्षक म्हणून आपल्याला नोंदवहीत लिहायचं असतं. त्यांत भारतीय खलाशीही आहेत. कोण कुणाशेजारी झोपतो, कोण कोणत्या भाषेत ओरडतो, यावरून माणूस ओळखावा लागतो. हाताला काम एकच: नीट पाहणं.

नीट पाहण्याचं हेच काम फ्रान्समधल्या तुलूझच्या रुंडिस्क या स्टुडिओने आणखी पुढे नेलं. त्यांचा ‘चांट्स ऑफ सेनार’ २०२३ मध्ये आला. बाबेलच्या मनोऱ्यासारखा एक प्रचंड मनोरा, त्याच्या पाच थरांवर पाच समाज, प्रत्येकाची लिपी वेगळी. खेळाडूला यांतलं एकही अक्षर येत नाही. दारावरची पाटी, देवळातलं भित्तिचित्र, कुणीतरी हाताने खूण करत उच्चारलेले दोन शब्द, एवढ्यावरून अर्थाचा अंदाज बांधायचा आणि तो वहीत लिहायचा. वहीच्या पानावर काही चित्रं उमटतात, त्या प्रत्येकाखाली योग्य चिन्ह ठेवायचं. पानावरची सगळी चिन्हं बरोबर असतील तरच गेम मान्यता देतो, त्यामुळे नुसत्या ठोकताळ्यांवर फार काळ निभावत नाही.

यातला एक तपशील मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पहिल्या समाजाच्या लिपीत अनेकवचन करायचं तर चिन्ह दोनदा लिहितात. वरच्या थरावर गेलं की त्याच कामासाठी वेगळं चिन्ह जोडावं लागतं, आणि आणखी वर वाक्यातला शब्दक्रमच पालटतो. प्रत्येक वेळी आधीच्या भाषेची सवय आड येते. एका समाजाचे लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात, त्यांच्यासाठी वरच्या थरावर तुच्छतेचं नाव वापरात असतं, हे भाषा शिकता शिकता लक्षात येतं. तिरस्कार कसा रुजतो हे गेम भाषणातून सांगत नाही, शब्दकोश भरताना ते आपोआप कळतं. पुढे या समाजांमधला दुभाषा होण्याची पाळी खेळाडूवर येते, तेव्हा आधी केलेल्या प्रत्येक तर्काला वजन येतं. पहारेकऱ्यांची नजर चुकवून लपतछपत जाण्याचे प्रसंग मात्र उपरे वाटतात. त्यांत भाषेला काही कामच नाही. ते वगळता अलीकडच्या गेममध्ये इतकी घट्ट वीण क्वचितच दिसते.

‘वेंबा’ (२०२३) आपल्याला जास्त जवळचा आहे. टोरांटोच्या विसाई गेम्सने तो बनवला. १९८०च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, वेंबा आणि पावलन, आणि तिकडेच जन्मलेला त्यांचा मुलगा कविन यांची ही गोष्ट. वेंबाजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे. तिची पानं फाटलेली, शाई पुसट झालेली. खेळाडूचं काम म्हणजे गाळलेल्या जागा भरत पदार्थ करणं. इडलीपात्राच्या ताटल्या कशाही रचून चालत नाही. खालच्या ताटलीतली वाफ वर पोचली पाहिजे, म्हणून भोकं आणि खळगे यांचा मेळ बसवावा लागतो. स्वयंपाकघरात वावरलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट हाताने आधीच माहीत असते. त्या माहितीचा गेममध्ये उपयोग होतो, याचा आनंद काही वेगळाच असतो. पुढे मोठा झालेला कविन तीच वही उघडतो, पण तमिळ अक्षरं त्याला धड वाचता येत नाहीत. आईला शाई पुसल्यामुळे न कळलेली ओळ मुलाला भाषा सुटल्यामुळे कळत नाही. एकच वही, एकच काम, आणि दोन पिढ्यांमधलं अंतर खेळाडूच्या बोटांना जाणवतं. एडिसन किंवा मेलबर्नमधल्या कुठल्याही मराठी घराला यात आपला चेहरा दिसेल.

‘वेंबा’ला २०२४ चा पदार्पणाच्या गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कारही. तरी त्यात उणिवा आहेत. पदार्थ बिघडला तर काहीच किंमत मोजावी लागत नाही, लगेच पुन्हा सुरुवात करता येते. कथा एकदम कित्येक वर्षं ओलांडते, आणि पावलनची नोकरीची परवड दोन-चार संवादांत उरकली जाते. घराचं अर्थकारणही हाताच्या कामात उतरलं असतं, तर हा गेम आणखी खोल गेला असता.

‘देस्पेलोते’ (२०२५) हा इक्वेडोरचा गेम. हुलियान कोर्देरो आणि सेबास्तियान वाल्बुएना यांनी तो केला. काळ २००१चा, शहर कीतो. बँका बुडून देशाचं चलन जाऊन डॉलर आलेला, लोक हवालदिल, आणि त्याच वेळी इक्वेडोरचा संघ पहिल्यांदाच फुटबॉलच्या विश्वचषकाच्या उंबरठ्यावर. नोव्हेंबरात उरुग्वेशी बरोबरी साधून तो पात्र ठरला. खेळाडू आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याला सामने जिंकायचे नाहीत. आई सांगते, अमुक वाजेपर्यंत परत ये. मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवत बागेतून हिंडायचं आणि दिसेल ते लाथाडायचं. चेंडू लोकांच्या पायात जातो, कुणी परत देतो, कुणी वैतागतो. शहराचे आवाज कीतोमध्येच ध्वनिमुद्रित केलेले आहेत, आणि मोठ्यांच्या गप्पांतून देशाची परिस्थिती कानावर पडत राहते. सामन्यापेक्षा सामन्याभोवतीचं गाव दाखवण्याचं हे धाडस मोठं आहे. ठरीव उद्दिष्टं हवी असणाऱ्याला पहिला अर्धा तास भरकटल्यासारखा वाटेल, पण त्या भरकटण्यातच त्या वयातली संध्याकाळ आहे.

‘बिफोर युअर आइज’ (२०२१) डोळ्यांच्या पापण्यांनी खेळायचा आहे. वेबकॅम खेळाडूचे डोळे पाहतो, आणि पापणी लवली की काळ पुढे सरकतो. मेलेल्या माणसाच्या आठवणी आपण पाहत असतो. आई काही सांगत असते, वाक्य संपेपर्यंत डोळे उघडे ठेवायची धडपड चालते, डोळ्यांत पाणी येतं आणि पापणी मिटतेच. वाक्य अर्धंच राहतं. क्षण हातून निसटतो ही गोष्ट साहित्याने हजारदा सांगितली आहे, इथे ती शरीराला सोसावी लागते. उत्तरार्धातले रहस्यभेद जरा हिशेबाने रचलेले वाटतात. माऊसनेही हा गेम खेळता येतो, पण तसं करू नये, त्यात सगळी किंमत जाते.

एवढं असूनही या कलेची आर्थिक बाजू लंगडी आहे. २०२४ या एका वर्षात स्टीम या दुकानावर अठरा हजारांहून अधिक गेम आले, म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास. त्यांतले असंख्य गेम ‘स्टार्ड्यू व्हॅली’ किंवा ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ चालला म्हणून त्याच धाटणीवर काढलेले. युनिटीने २०२३ मध्ये गेमच्या दर इन्स्टॉलमागे शुल्क आकारायचं जाहीर केलं तेव्हा छोटे निर्माते हादरले, विरोध वाढल्यावर वर्षभराने कंपनीने ते मागे घेतलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह या नावाजलेल्या प्रकाशन संस्थेच्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी एकदम राजीनामे दिले. साधन दुसऱ्याचं, दुकान दुसऱ्याचं आणि प्रकाशकाचा भरवसा नाही, अशा स्थितीत निर्मात्याला स्वतःची म्हणून जी गोष्ट उरते ती कल्पना. तीच उसनी घेतली, तर काहीच उरत नाही.

या मुद्द्यावर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) कडे पाहायला हवं. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न अपुरा पडल्यावरही या मंडळींनी चिकाटीने गेम पुरा केला, आणि त्याला जगभरच्या मानाच्या पुरस्कारांत नामांकन मिळवून दिलं. राजस्थानी वास्तूंची भव्यता, भिंतींवरच्या देवादिकांच्या कथा, सावल्यांच्या बाहुल्यांसारखी निवेदनं, हे सगळं पाहताना ऊर भरून येतो. पण हाताला मिळणारं काम उड्या मारणं आणि राक्षसांच्या टोळ्यांना झोडपणं, म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या परंपरेतलंच आहे. त्यातल्या त्रिशूळाच्या जागी भाला दिला तरी बोटांना फारसा फरक पडणार नाही. नेपथ्य आपलं आणि खेळ परका, ही भारतीय गेमची आजची सर्वांत मोठी मर्यादा आहे. ‘राजी’ने वाट पाडली याचं श्रेय निर्विवाद त्याचं, पण पुढच्यांनी तिथेच थांबू नये.

आपल्याकडे अशा कामांचा तुटवडा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, बऱ्याचदा शब्द सुटे नसतात, हात न उचलता ओळ पुढे जाते. वाचणाऱ्याला संदर्भावरून शब्द पकडावा लागतो. एखाद्या गावच्या वतनाचा तंटा, दोन्ही बाजूंचे जुने कागद, आणि एका अक्षराच्या वाचनावर ठरणारा निवाडा, एवढ्या सामग्रीवर सेनारच्या तोडीचा गेम उभा राहू शकतो. त्यातला पुरावा, भाषा आणि हाताचं काम तिन्ही इथलीच असतील.

वाचकाने सुरुवात ‘वेंबा’पासून करावी. तो एका संध्याकाळीत संपतो आणि त्यासाठी गेमचा सराव लागत नाही. कोडी आवडणाऱ्याने ‘चांट्स ऑफ सेनार’ घ्यावा, आणि वहीत घाईने अंदाज ठोकू नयेत. हे गेम विकत घेऊनच खेळावेत, कारण त्या पैशांवर दोन-तीन माणसांचं पुढचं वर्ष अवलंबून असतं. मराठी संपादकांनी पुस्तक आणि नाटकाच्या परीक्षणाशेजारी गेमच्या परीक्षणालाही जागा द्यावी. चांगल्या गेमला जाणता वाचक मिळाला, तरच मराठीत चांगला गेम बनवायला कुणीतरी बसेल.