मार्चमधली दीपमाळ

श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' (2001) हे माझं आवडतं पुस्तक. ऑगस्टमध्ये चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला ते सोबत असलं की फोटो आणि फूल भराभर जुळत जातात. यंदा मार्चमध्ये तेच घेऊन धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर चढलो. फूल नावाला नव्हतं. होत्या त्या काड्या, शेंगा, कुसळं. मोबाइलवरच्या ॲपने एकाच काडीची तीन फोटोंवरून तीन नावं सांगितली.

यात पुस्तकाचा दोष नाही. शीर्षकातच 'फ्लॉवर्स' आहे. माझी तक्रार एकूणच रानफुलांच्या लेखनाबद्दल आहे. ते श्रावण-भाद्रपदात सुरू होतं आणि तिथंच संपतं. खानदेशातला डोंगर मात्र वर्षातला बराच काळ वाळलेला असतो.

वाळलं म्हणून झाड अनोळखी होत नाही. उंच काडीवर थोड्या थोड्या अंतराने काटेरी गोळे दिसले, तर ती दीपमाळ. शिक्क्यासारखं गोल, खाचांचं फळ असेल, तर मुद्रा. गणपतीच्या पत्रीतला आघाडा आता पँटला चिकटतो, कारण त्याची टोकदार फळं दांड्यावर खाली तोंड करून असतात. टाकळ्याची शेंग बारीक, वाकडी. तरवडाची चपटी, कागदासारखी. मुद्रा हे नाव ठेवणाऱ्यांनी तर फूल गेल्यानंतरचंच झाड पाहिलं होतं. आपल्या पुस्तकांनी सोडलेलं काम भाषेने आधीच करून ठेवलंय.

थिओडोर कुक यांनी ते वेगळ्या रीतीने केलं. मूळचे रेल्वेतले इंजिनिअर, पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. त्यांच्या 'द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे'मध्ये (1901 ते 1908) एकही चित्र नाही, पण फळ, बी, लव यांचं नेमकं वर्णन आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांवर काम करतात. वाळलेलं झाड त्यांना नवं नाही. अडचण एवढीच, की कुक वाचायला परिभाषा यावी लागते.

या दोघांच्या मधलं पुस्तक मला हवंय: प्रत्येक झाडाचा एक फोटो ऑगस्टचा, एक फेब्रुवारीचा. मागणी किरकोळ वाटेल. पण ज्या डोंगरावरच्या कशालाच नाव सांगता येत नाही, त्याला 'पडीक' म्हणणं फार सोपं असतं. लळिंगवर मी तेच म्हणणार होतो, तेवढ्यात वाटेत दीपमाळ आडवी आली.