यादी की आलेख? : हेन्री कझिन्स यांच्या वास्तुसर्वेक्षणाचे पुनर्वाचन

महाराष्ट्रातील प्राचीन वास्तूंविषयी लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला हेन्री कझिन्स यांना टाळून पुढे जाता येत नाही. मुंबई इलाख्यातील पुरावशेषांची सुधारित यादी (१८९७), विजापूरच्या वास्तूंवरील ग्रंथ (१९१६) आणि दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ (१९३१) ही त्यांची कामे आजही संदर्भ म्हणून वापरली जातात. परंतु संदर्भ देणे आणि चिकित्सा करणे या भिन्न गोष्टी होत. जतनाच्या दृष्टीने या सर्वेक्षणाचे मोल काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.

१८९७ च्या यादीत वास्तूंची तीन वर्गांत विभागणी आहे. पहिल्या वर्गात कायम सुस्थितीत राखावयाच्या वास्तू. दुसऱ्यात किरकोळ उपायांनी पुढील पडझड रोखता येईल अशा. तिसऱ्यात अतिजीर्णतेमुळे किंवा तुलनेने गौण असल्यामुळे ज्यांचे जतन अशक्य वा अनावश्यक मानले गेले अशा. ही वर्गवारी सरकारी धोरणाची होती, तिचा दोष एकट्या कझिन्स यांना देणे अन्यायाचे ठरेल. तथापि ‘अशक्य’ आणि ‘अनावश्यक’ यांना एकाच वर्गात बसविण्यात मूळ घोटाळा आहे. पहिला शब्द वास्तूच्या अवस्थेविषयी बोलतो, तर दुसरा पाहणाऱ्याच्या अभिरुचीविषयी. वस्तुतः जी वास्तू वाचणार नाही, तिचाच आलेख सर्वाधिक तपशीलवार हवा. यादीत मात्र अनेक गावांच्या वाट्याला एखाद-दुसरे वाक्यच आले.

अशा त्रोटक नोंदींवर विसंबून राहण्याचे परिणाम पुढे देशभर दिसले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने केंद्र-संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर आढळत नसल्याचे दाखवून दिले. त्यांतील ४२ नंतर सापडली. उरलेल्या ५० पैकी १४ नागरीकरणात, १२ जलाशयांखाली गेली आणि २४ चा ठावठिकाणा लागला नाही. २०२४ मध्ये १८ स्मारके संरक्षित सूचीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू झाली. स्थाननिश्चिती नसलेली नोंद वास्तूचे रक्षण तर करीत नाहीच, तिच्या नाशाची तारीखही सांगू शकत नाही.

१९३१ चा ग्रंथ या तुलनेत कितीतरी समृद्ध आहे. मोजून काढलेले आराखडे हे त्याचे खरे बळ. ‘हेमाडपंती’ या सरसकट शिक्क्याखाली आपण जी मंदिरे एकत्र ढकलतो, त्यांतील अंबरनाथच्या मंदिरावर शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा लेख आहे. हेमाद्री त्यानंतर सुमारे दोन शतकांनी झाला. असे भेद रेखाटनांवरून पडताळता येतात, केवळ वर्णनावरून नव्हे. (आपल्या पाठ्यपुस्तकांना हे अजून उमगावयाचे आहे.)

तरीही एक उणीव जाणवते. विद्यार्थ्यांसह सिन्नरच्या गोंदेश्वराच्या आवारात मोजणीची फीत धरली असता ती प्रकर्षाने ध्यानात आली. त्या काळच्या आराखड्यांत वास्तू जशी रचली गेली तशी दिसते, जशी उभी आहे तशी नाही. कोणता चिरा सरकला, पाणी कोठून मुरते, कोणता भाग मागाहून बसविला, हे त्यांतून कळत नाही. चुन्याविना, दगडावर दगड बसवून रचलेल्या बांधकामाचे सांधे सिमेंटने भरणे अहितकारक असते. पण पूर्वी सांधा कसा होता याचा पुरावाच नसेल, तर दुरुस्ती करणाऱ्याला अडवावे कशाच्या आधारावर? शैलीचा इतिहास लिहिणाऱ्याला पुरेसा ठरणारा आलेख गवंड्याला पुरेसा नसतो.

मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत तिसरी श्रेणी नगरदृश्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या इमारतींना दिली गेली. १८९७ च्या तिसऱ्या वर्गाशी ताडून पाहता हा दृष्टिकोनातील मोठाच पालट म्हणावा लागेल. पण लहान गावांतील वाडे या नियमावलीच्या कक्षेबाहेरच आहेत. कझिन्स यांची यादी सिद्ध झाली तेव्हा उत्तर पेशवाईतील कित्येक वाड्यांना शंभर वर्षेही झाली नव्हती. आज ते वयाने १९५८ च्या कायद्यातील शंभर वर्षांची अट पूर्ण करतात. राष्ट्रीय महत्त्वाची अट मात्र बहुतेकांना ओलांडता येणार नाही. त्यांची अधिकृत नोंद म्हणजे बहुधा मिळकत पत्रिका. तिच्यात क्षेत्रफळ असते, धारकाचे नाव असते. चौकाभोवतीचे सोपे, खणांची संख्या, कडीपाट, लाकडी खांबांखालचे तळखडे यांना तिच्यात रकाना नाही.