बातमीतून गळलेला कवी

मार्च २००६ मध्ये ‘दिव्य भास्कर’च्या बडोदे आवृत्तीने राजपिपळ्याचे युवराज मानवेंद्रसिंह गोहिल यांची मुलाखत छापली. आपण समलिंगी आहोत, हे त्यांनी तीत स्वतःच सांगितले होते. राजपिपळ्यात पुतळे जळले; घरच्यांनी वृत्तपत्रांतून जाहीर नोटीस देऊन संबंध तोडले. हरणीतल्या आपल्या दिवाणखान्यांतही तो अंक घडी घालूनच वाचला गेला असावा. राजघराण्याचे वलय नसते तर एवढी जागा मिळाली नसती, हा आक्षेप रास्त आहे. तरीही ज्याच्याविषयी लिहायचे त्याची संमती, त्याचे नाव आणि त्याचेच म्हणणे त्या मुलाखतीत होते. तेही इंग्रजीत नव्हे, घरातली वडीलधारी मंडळी वाचतात त्या भाषेत.

याच्या उलट तऱ्हा चार वर्षांनी अलीगढला दिसली. ती आपल्याला अधिक लागावी, कारण तिथला माणूस आपल्या भाषेचा होता. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे तेथील मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि एका पुरुषासोबतचे त्यांचे खासगी क्षण टिपले. असे परस्परसंमतीचे संबंध दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्येच गुन्ह्यातून वगळले होते. तरी विद्यापीठाने निलंबित केले ते सिरसांना! १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले.

कॅमेऱ्याने जे हिसकावले त्याला वृत्तांत म्हणणे कठीण आहे. त्या दिवसांतल्या पुष्कळशा मजकुरात चित्रफीत आहे, निलंबन आहे. ‘पायाखालची हिरवळ’ या संग्रहाचा कवी मात्र आलाच तर शेवटच्या परिच्छेदात, शोभेपुरता. ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या एका तरुण वार्ताहराने त्यांना शांतपणे बोलते केले, हा सन्माननीय अपवाद. हन्सल मेहता यांच्या ‘अलीगढ’ (२०१५) या चित्रपटाचा गाभा तीच भेट आहे, आणि त्यात सिरस प्रथम कवी म्हणून भेटतात.

पण तो चित्रपट हिंदी. परमुलखात मराठी जपल्याचा अभिमान आपण बडोदेकर पिढ्यान्‌पिढ्या मिरवतो. परमुलखात मराठी शिकवणारा हा कवी आपल्यापैकी अनेकांना कळला तो हिंदी पडद्यावरून. त्याचा संग्रह आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात आहे की नाही, हे पुढल्या बैठकीत कार्यवाहांना विचारावयाचे आहे.