न गाठलेल्या मुक्कामाची रोजनिशी

सान्ता फे येथून कॅलिफोर्नियातील मॉन्तेरेकडे जाणारी वाट शोधण्यासाठी फादर दोमिंगेझ आणि फादर एस्कालांते हे दोन फ्रान्सिस्कन धर्मगुरू २९ जुलै १७७६ रोजी निघाले. मॉन्तेरे त्यांना दिसले नाही. २ जानेवारी १७७७ रोजी ते सान्ता फेला परतले. त्यांच्या रोजनिशीचा फ्रे आंजेलिको चावेझ यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९७६ साली प्रसिद्ध झाला.

आज हा मार्ग छोट्या विमानातून न्याहाळता येतो, आणि झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या कॅम्पर गाडीने त्याच्या आसपास हिंडता येते. अशा पुनर्यात्रेचे मोल मी कमी लेखीत नाही. कोलोरॅडो नदीने खडक किती खोल कापला आहे, हे आकाशातून एका दृष्टिक्षेपात उमगते. तेथे उतार शोधून, जनावरांसाठी कुऱ्हाडीने खडकात पायऱ्या खोदून, ७ नोव्हेंबरला ही माणसे पलीकडे गेली. १९६३ पासून साठू लागलेल्या धरणाच्या पाण्याने तो उतार गिळला.

मात्र पुनर्यात्रिकाला पुढचा मुक्काम ठाऊक असतो. रोजनिशीकाराला तो ठाऊक नव्हता. या लेखनाचे सामर्थ्य तेथेच आहे. दिशा, अंतर, पाणी, गवत अशा कोरड्या नोंदी वाचत आपण ११ ऑक्टोबरपाशी येतो. थंडी वाढलेली, शिधा संपत आलेला, सोबत्यांत मतभेद. रोझरी म्हणून चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि कौल परतीचा निघतो. आपला स्वतःचा कलही परतीकडेच होता, हे लेखक लपवीत नाही. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

दोषही आहेत. वाटेत भेटणारा मूळनिवासी येथे बहुधा भावी ख्रिस्ती म्हणूनच दिसतो. त्याचे स्वतःचे जग क्वचितच उलगडते. तरीही युटा सरोवराकाठचा प्रसंग मनातून जात नाही. तेथील लोकांनी पाहुण्यांचे स्वागत केले. परत येऊन तुमच्यात राहू, असे वचन धर्मगुरूंनी दिले. ते परत गेले नाहीत. मिशन उभे राहिले नाही.

'पुन्हा येतो' असे आजाऱ्याच्या उशाशी सांगून न गेलेला धर्मगुरू मीही आहे. म्हणून ही पाने मला सहज उलटता आली नाहीत. या मार्गावर नव्याने लिहिणाऱ्याने दऱ्यांचे वर्णन जरूर करावे. पण त्या सरोवराकाठी उतरून, वाट पाहणाऱ्यांच्या बाजूनेही एक पान लिहावे. त्याविना ती यात्रा अपुरीच राहील.