बुखारेस्टचा पेपर घरासाठी वाचताना
फॉस्टर केअरचा विषय निघाला की 2007 चा ‘सायन्स’मधला बुखारेस्टचा पेपर हमखास पुढे येतो. अनाथालयांतली 136 मुलं. रँडमली निम्मी फॉस्टर कुटुंबांत, निम्मी होती त्याच व्यवस्थेत. कुटुंबात गेलेल्यांचा बुद्ध्यंक वर. डिझाइन भक्कमच आहे. पण रँडम वाटली ती मुलं, घरं नव्हेत! घरं पारखून घेतलेली, मानधन मिळणारी, पाठीशी सोशल वर्कर. म्हणजे मोजला गेला तो ‘घर अधिक आधार’ यांचा परिणाम. ‘आमचं घर तयार आहे का?’ हा प्रश्न या डेटाला विचारताच येत नाही. (आपण सायन्सवाले इथे हमखास घसरतो.) मावशीने विचारलं, “बाळ वर्षाने आपल्या आईकडे परत गेलं, तर आमच्या चिनूला काय सांगू?” पेपरात हे मोजलेलंच नाही.