पाहून ठेवणे आणि पाहत राहणे : ध्यासाच्या दोन कथनांचा भाषिक विचार

पक्षिनिरीक्षकांच्या जगात घडणाऱ्या रहस्यकथा इंग्रजीत आहेत; परंतु त्यांपैकी पुष्कळ कथांत निरीक्षणाचा छंद पार्श्वभूमीपुरताच उरतो. अ‍ॅन क्लीव्ह्ज यांची पहिली कादंबरी ‘अ बर्ड इन द हँड’ (१९८६) हे याचे चांगले उदाहरण होय. नॉरफकच्या किनाऱ्यावरील दलदलीत एका तरुण पक्षिनिरीक्षकाचे प्रेत सापडते, आणि दुर्मिळ पक्ष्याची बातमी येताच देशभर धावणाऱ्या मंडळींमध्ये तपास सुरू होतो. फेअर आइल बेटावरील पक्षिनिरीक्षण केंद्रात लेखिकेने काही काळ काम केले असल्यामुळे त्या समाजाचे चित्रण विश्वसनीय उतरले आहे. तथापि वाचकाची उत्कंठा ‘हे कोणी केले?’ या प्रश्नावरच तोललेली राहते. निरीक्षकांच्या जागी बुद्धिबळपटू किंवा गिर्यारोहक आले असते, तरी कथेचा सांगाडा फारसा बदलला नसता.

मनोविश्लेषणात्मक थरारकथेचा प्रश्न निराळा असतो. तिच्यात गुन्हेगार बहुधा आरंभीच ओळखीचा होतो. कित्येकदा तोच कथा सांगत असतो. ‘हे त्याच्या मनात कसे घडत गेले, आणि त्याला स्वतःला ते भयंकर का वाटत नाही?’ हे तेथील खरे रहस्य. या दृष्टीने निरीक्षणाच्या ध्यासाचा विचार करू लागल्यास दोन पुस्तके एकत्र वाचणे उपकारक ठरते: जॉन फाउल्स यांची कादंबरी ‘द कलेक्टर’ (१९६३) आणि जे. ए. बेकर यांचे ‘द पेरेग्रिन’ (१९६७). पहिलीत पक्ष्यांऐवजी फुलपाखरे आहेत, दुसऱ्यात बहिरी ससाणा आहे पण गुन्हा नाही. असे असूनही, पाहण्याचे रूपांतर पछाडलेपणात कसे होते, हे या दोन पुस्तकांइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते. दोघेही लेखक १९२६ साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात जन्मले, हा केवळ योगायोग. परंतु एकाच मातीतून एकाच ध्यासाची दोन परस्परविरुद्ध टोके निघावीत, ही गोष्ट मनात राहण्याजोगी आहे.

ही टोके समजून घेण्यास मराठी व्याकरण अनपेक्षितपणे साहाय्य करते. ‘मला पक्षी दिसला’ या वाक्यात पक्षी प्रथमेत आहे, क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणि अनुभव घेणारा चतुर्थीत, म्हणजे घटना ज्याच्यापाशी येऊन पोहोचते अशा स्थानी, उभा आहे. ‘मी पक्षी पाहिला’ या वाक्यात क्रियापद भूतकाळी कर्माप्रमाणे चालत असले, तरी कर्तृत्व पाहणाऱ्याकडे गेलेले असते. म्हणूनच ‘मी मुद्दाम पाहिले’ हे चालते, ‘मला मुद्दाम दिसले’ हे मराठी कानाला खपत नाही. दिसणे ही कृपा आहे; पाहणे हा संकल्प आहे.

संकल्पाच्या पुढची पायरी संयुक्त क्रियापदे दाखवतात. ‘पाहून ठेवणे’ आणि ‘पाहत राहणे’ हे दोन प्रयोग रोजच्या बोलण्यातले आहेत. ‘जागा पाहून ठेवली’, ‘मुलगी पाहून ठेवली’ असे म्हणताना ‘ठेवणे’ हे सकर्मक क्रियापद पाहण्याचे फळ पुढील उपयोगासाठी राखून ठेवते. पाहिलेली वस्तू जणू पाहणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. ‘तो पाहतच राहिला’ या वाक्यात उलट घडते. ‘राहणे’ अकर्मक आहे. त्याचा परिणाम पाहिलेल्या वस्तूवर न होता पाहणाऱ्यावर होतो. तो जागच्या जागी खिळतो. इंग्रजी लेखकांनी अर्थातच मराठी व्याकरणातून विचार केलेला नाही. परंतु एका भाषेने स्पष्ट रूपात मांडलेला भेद दुसऱ्या भाषेतील कथनात गर्भित असू शकतो, आणि तो वर काढण्यास पहिली भाषा उपयोगी पडते. या अर्थाने ‘द कलेक्टर’ ही पाहून ठेवण्याची कथा आहे आणि ‘द पेरेग्रिन’ ही पाहत राहण्याची.

फ्रेडरिक क्लेग हा नगरपालिकेच्या कचेरीतील कारकून. फुलपाखरे जमवणे हा त्याचा छंद. कचेरीच्या खिडकीतून त्याला समोरच राहणारी मिरांडा ग्रे ही चित्रकलेची विद्यार्थिनी दिसते. येथवर सारे ‘दिसणे’ आहे. परंतु ती दिसली की क्लेग आपल्या निरीक्षणांच्या वहीत एक खूण करतो. नाव कळेपर्यंत एक्स, नाव कळल्यानंतर एम. एखाद्या अनोळखी पाखराची नोंद निरीक्षक जशी करतो तशीच ही नोंद. फुटबॉल सामन्यांच्या निकालांवरील पैजेत त्याला मोठी रक्कम मिळते. तो ससेक्समध्ये लुइस गावाजवळ एकांतातले घर घेतो, त्याचे तळघर सजवतो आणि क्लोरोफॉर्मच्या साहाय्याने मिरांडाला पळवून आणतो. वहीतली खूण आणि तळघराचे कुलूप यांच्यामध्ये कथनाच्या भाषेत कोठेही उडी नाही, हे या कादंबरीचे सर्वांत मोठे यश होय. नोंदून ठेवणे, जागा पाहून ठेवणे, कोंडून ठेवणे या क्रिया एकाच सहायक क्रियापदाने जोडल्यासारख्या क्रमाने येतात. वाचकाला ज्या ठिकाणी ‘येथून गुन्हा सुरू झाला’ असे बोट ठेवायचे असते, ते ठिकाण भाषा त्याला देत नाही. थरार निर्माण होतो तो येथेच.

क्लेगच्या शब्दसंग्रहात क्रौर्य नाही. तो सभ्य, कचेरीतल्या पत्रव्यवहारासारख्या, गुळगुळीत शब्दांत बोलतो. कैदेचे वर्णन तो पाहुणचाराच्या परिभाषेत करतो; स्वतःच्या कृतीबद्दल बोलताना जणू ती आपोआप घडली असे सूचित करतो. भाषेतला सारा रंग तो घालवून टाकतो, अशी मिरांडाची तक्रारच आहे. शरीरसंबंधाची त्याला इच्छा नाही, किंबहुना किळस आहे. तिने तसा प्रयत्न केला तेव्हा त्याच्या मनातून ती उतरते. त्याला तिचे काही करायचे नाही, तिला फक्त ठेवायचे आहे. टाचणी लावलेल्या फुलपाखराचेही काही करायचे नसते.

मिरांडाची दैनंदिनी हा कादंबरीचा दुसरा भाग. तिच्यामुळे तेच प्रसंग पुन्हा, दुसऱ्या बाजूने सांगितले जातात. या पुनरुक्तीने उत्कंठा काहीशी मंदावते, आणि जी. पी. या वडीलधाऱ्या चित्रकाराविषयीचा मजकूर प्रमाणाबाहेर लांबला आहे, हा आक्षेप योग्यच आहे. तथापि या भागाशिवाय कादंबरीचा आशय अपुरा राहिला असता. मिरांडा आपल्या वहीत दोघांचे संवाद नाटकासारखे लिहिते आणि स्वतःसाठी एम., त्याच्यासाठी सी. हे अक्षर वापरते; कारण तिने त्याला कॅलिबन हे नाव दिलेले आहे. म्हणजे वर्गीकरणाची सवय केवळ क्लेगलाच नाही. सुशिक्षित, संवेदनशील मिरांडाही त्याला एका नमुन्याच्या चिठ्ठीखाली बसवते. दोन्ही कृतींचे नैतिक वजन सारखे नाही, हे उघड आहे: तिच्या हाती लेखणी आहे, त्याच्या हाती किल्ली. परंतु दोघांच्या वह्यांत माणसाचे अक्षर झालेले आहे, ही साम्याची जागा फाउल्स यांनी जाणूनबुजून ठेवली असावी. मिरांडा न्यूमोनियाने मरते. क्लेग डॉक्टरपर्यंत जाऊनही त्याला न आणता परततो. शेवटी लुइसमधील दुकानात त्याला दुसरी एक मुलगी दिसते, आणि तो पुन्हा पाहून ठेवू लागतो.

बेकर यांचे पुस्तकही नोंदवहीच्या रूपात आहे. १ ऑक्टोबर ते ४ एप्रिल अशा एका हिवाळ्याच्या दैनंदिनीत त्यांनी सुमारे दहा वर्षांचा पाठलाग संक्षेपाने भरला आहे. एसेक्समधील शेते, ओढे, खाडीचा बांध यांतून एक माणूस बहिरी ससाण्यामागे हिंडतो. त्याचे घर, नोकरी, कुटुंब यांविषयी जवळजवळ एक अक्षरही येत नाही. गावांची नावेही नाहीत. ससाणा ज्या गोष्टी ओळखणार नाही, त्या भाषेतून गाळून टाकल्यासारख्या वाटतात. हळूहळू ‘मी’ आणि ‘तो’ यांच्या जागी ‘आम्ही’ येऊ लागते, आणि या ‘आम्ही’त माणसे नसतात. ताज्या शिकारीवर निवेदक ससाण्यासारखाच ओणवा होतो; माणसांची चाहूल त्यालाही नकोशी होते. वाचकाला वाटणारी भीती ससाण्याविषयी नसून पाहणाऱ्याविषयी असते: हा परत येईल काय? शेवटच्या प्रसंगी संध्याकाळी बांधावरून उतरून तो ससाण्यासमोर उभा राहतो, आणि पक्षी उडून जात नाही, झोपी जातो. हातात काहीच घेतले जात नाही. पाहणारा पाहतच राहतो.

‘द पेरेग्रिन’ला थरारकथा म्हणावे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. गुन्ह्यावाचून थरारकथा नाही, असा नियम असेल तर म्हणता येणार नाही. परंतु पुस्तकात एक मोठा गुन्हा पार्श्वभूमीला आहेच. त्या काळी शेतीत वापरल्या जाणाऱ्या डीडीटी आणि तत्सम कीटकनाशकांमुळे इंग्लंडमधील बहिरी ससाणे झपाट्याने नाहीसे होत होते, आणि आपण या जातीचा शेवट पाहत आहोत अशी बेकर यांची धारणा होती. पुढे या विषांवर निर्बंध आले आणि ससाणे सावरले. परंतु पुस्तकातील तगमग त्या धारणेतून आली आहे. ‘द कलेक्टर’मध्ये पाहणारा पाहिलेल्याला नाहीसे करतो, येथे पाहिलेले नाहीसे होत असल्यामुळे पाहणारा स्वतःला नाहीसे करू पाहतो.

बेकर यांच्या नोंदींच्या वास्तवतेविषयी पक्षितज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत. अनेक हिवाळ्यांचा एक हिवाळा करणे हे शास्त्राच्या दृष्टीने तारखांचे असत्यच होय. मग कलेची ही मोकळीक आणि लबाडी यांत सीमा कोणती? हा प्रश्न महाराष्ट्राला प्रत्यक्ष भिडलेला आहे. १८७३ साली शास्त्राला ज्ञात झालेल्या रानपिंगळ्याचा एक नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळवल्याचे नोंदले होते. तो पक्षिसंग्राहक म्हणून कीर्तिमान होऊन १९६७ साली, म्हणजे ‘द पेरेग्रिन’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, वारला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली दाखवून दिले की, तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ साली मिळवलेल्या पक्ष्यांपैकी असून, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोट्या चिठ्ठीसह पुढे आणलेला होता. त्या चिठ्ठीवर विसंबून मांडवीच्या बाजूस पक्षी शोधणे म्हणजे दिशाभूल करून घेणे होते. खोटी नोंद बाजूला सारल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला.

येथे ‘दिसला’ हेच क्रियापद योग्य आहे. माइनर्ट्झहागेनने पक्षी पाहून ठेवला नव्हता; दुसऱ्याचे दिसणे चोरून ठेवले होते. बेकर यांनी तारखा एकवटल्या, पण त्या एकवटलेल्या हिवाळ्यावर कोणाला रान शोधत जायचे नव्हते. आपण अनेक वर्षे ससाण्यामागे हिंडलो हे त्यांनी लपवलेही नाही. सीमा असलीच तर येथे आहे: नोंद वाचणाऱ्याशी कोणता करार करते, यात. क्लेगची वही तारखांच्या बाबतीत कदाचित बिनचूक असेल. तरी ती खोटी आहे, कारण एम. या अक्षरात मिरांडा नाही. नोंदींवर ज्यांचा व्यवसाय चालतो अशा प्रत्येक अभ्यासकाला, मग तो पाखरांच्या मागे असो वा बोलींच्या, ही दोन पुस्तके एकच प्रश्न विचारतात: जे दिसले ते लिहिले, की जे ठेवायचे होते ते?