एक्सएमएल शैलीपत्रकांतील क्रमांकन आणि मराठी अक्षरक्रम : एक चिकित्सा

प्रस्तावना : एक्सएमएल दस्तऐवजांचे रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेची १.० ही आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. अनुक्रमांक देण्यासाठी तीत 'नंबर' ही स्वतंत्र आज्ञा आहे. ती मराठीची गरज कितपत भागविते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन : अंकांबाबत तक्रारीस जागा नाही. नमुना म्हणून '१' दिल्यास देवनागरी अंकच मिळावेत, अशी तरतूद मूळ विनिर्देशात आहे. अडचण अक्षरांची आहे. मराठीत 'अ'पासून सुरू होणारे दोन क्रम रूढ आहेत : वर्णमालेचा अ, आ, इ, ई आणि प्रश्नपत्रिकांतील अ, ब, क, ड. दुसरा क्रम वर्णमालेचा नाही, तसाच युनिकोडचाही नाही. युनिकोडनुसार हीच अक्षरे अ, क, ड, ब अशी येतात. विनिर्देशाने 'वर्णक्रमी' व 'पारंपरिक' असे दोन पर्याय ठेवले. परंतु परंपरा कोणती, हे प्रक्रियकाचा निर्माताच ठरवितो. अपेक्षित क्रम प्रक्रियकास ठाऊक नसल्यास अक्षरांऐवजी १, २, ३ असे अंक उमटतात. परिणामी 'प्रश्न २ (ब)' हा उल्लेख एका यंत्रावर खरा, तर दुसऱ्यावर निराधार ठरतो.

यावर उपाय म्हणजे शैलीपत्रकातच स्वतंत्र नामावकाशात अक्षरांची संदर्भसूची ठेवणे आणि घटकाच्या स्थानानुसार तीतून अक्षर घेणे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सूचीच्या अटीत थेट 'पोझिशन' लिहिल्यास ते मूळ घटकाचे नव्हे, तर सूचीतील अक्षराचे स्थान सांगते. अट सर्वच अक्षरांना लागू पडते आणि १.० आवृत्तीत त्यांतील पहिलेच छापले जात असल्याने प्रत्येक उपप्रश्नास 'अ' मिळतो. म्हणून मूळ स्थान आधी चलात साठवावे लागते. शिवाय सूची संपल्यावर क्रमांक रिकामा राहतो. त्याची सोय लेखकानेच करावयाची असते.

समारोप : २३ जानेवारी २००७ च्या २.० आवृत्तीत मूल्यांची क्रमिका थेट चलात ठेवता येऊ लागल्याने ही सूची सुटसुटीत झाली. अक्षरक्रमाचा निर्णय मात्र ८ जून २०१७ च्या ३.० आवृत्तीतही प्रक्रियकावरच सोपविलेला आहे. त्यामुळे संदर्भसूचीस केवळ तात्पुरती पळवाट मानणे योग्य ठरत नाही. कोणता क्रम अभिप्रेत आहे, हे मराठी लेखकाने निःसंदिग्धपणे सांगण्याचे ते साधन आहे.